नाव एक, माणसं दोन

सांगलीत आपल्या कात्रणांच्या कामाला नवीन लागलायस, म्हणून सांगतो. नुसतं नाव बघून कात्रण चिकटवू नकोस. साल बघ, मग डिंक उघड.

मी सुरुवातीला मनमोहन सिंग यांच्या पाकिटात 1930 सालच्या विमानउड्डाणाचा मजकूर सारून मोकळा झालो होतो. पंतप्रधान जन्मले 1932 मध्ये! म्हणजे जन्माआधी दोन वर्षं विमान उडवलं की काय? ते मनमोहन सिंग वेगळे, रावळपिंडीचे. आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्यानं उडण्यासाठी बक्षीस लावलं होतं, त्या चढाओढीत ते होते. त्यात जे. आर. डी. टाटाही होते, पण बक्षीस नेलं अस्पी इंजिनिअर यांनी, जे पुढं हवाईदलप्रमुख झाले. सिंग 1942 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमवर जपानी हल्ला झाला त्यात गेले. या माणसावर स्वतंत्र पाकीट हवंच, माझ्या मते दोन.

प्रफुल्ल पटेलांचंही तसंच. गोंदियाचे, ते विमान वाहतूक मंत्री होते. लक्षद्वीपचे प्रशासक प्रफुल्ल खोडा पटेल गुजरातचे. मधलं नाव गाळलंस की घोळ झालाच.

आणि घरचंच घे. संजय पाटील म्हटलं की आपल्याकडं सांगलीचे माजी खासदार संजयकाकाच डोळ्यांपुढं येतात, पण ईशान्य मुंबईचे खासदार संजय दिना पाटीलही आहेत. पाकिटावर मतदारसंघ लिहीत जा, आणि पेन्सिलीनं लिही. माणसं पक्ष बदलतात, मतदारसंघही.