देणगीची नोंद कोणी बदलली, पावती खरंच पाठवली का, हे सॉफ्टवेअरच्या लॉगवरून (कोणी काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदीवरून) सिद्ध करता येतं का?

हो, येतं, पण प्रत्येक कार्यकर्त्याचं लॉगिन वेगळं असेल तरच. यवतमाळ-गडचिरोलीकडच्या संस्थांचे हिशेब पाहताना हेच आढळतं: तालुक्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर, सगळ्यांना एकच पासवर्ड, मग लॉगमध्ये सगळं 'ॲडमिन'नेच केलेलं! सिव्हीसीआरएम या देणगीदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पाठवलेला ईमेल देणगीदाराच्या नावावर ॲक्टिव्हिटी म्हणून नोंदला जातो. आधीची रक्कम काय होती आणि ती कोणी बदलली हे हवं असेल, तर त्यातलं 'डिटेल्ड लॉगिंग' आजच सुरू करा. मागचे बदल त्यात सापडत नाहीत. मात्र ईमेल 'गेला' म्हणजे तो पोचला असं नाही, बाउन्सही (न पोचता परत आलेले ईमेल) बघा. रोख देणगी असेल तर पावतीपुस्तकाचा क्रमांक नोंदीत हवाच. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला देणगीवरची आयकर वजावट ('८०जी' म्हणून ओळखली जाणारी) मिळत नाही, हे देणगीदाराला आधीच सांगा.