एनएसआरएलमध्ये हॅश जुळला म्हणजे फाइल सेफ आहे का?

नाही, सेफ वगैरे काही धरू नका. हॅश म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून काढलेला तिचा ठसा. एनएसआरएल (नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी) ही अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेची लायब्ररी, ते लोक सॉफ्टवेअरची ओरिजिनल पॅकेजेस गोळा करतात, आतल्या एकूण एक फाइलचे एमडी५, शा-१, शा-२५६ अशा तीन पद्धतींचे हॅश काढतात आणि दर तीन महिन्यांनी नवा डेटासेट सोडतात. त्यांचं म्हणणं एवढंच की ही फाइल अमुक पॅकेजमधली आहे, बास. मग ते पॅकेज पासवर्ड फोडायचं असो नाहीतर फोटोत डेटा लपवायचं, तेही यादीत असतं! आणि ऑटॉप्सी या फॉरेन्सिक तपासाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोन, म्हणजे यादीत सापडलेल्या, फाइल्स लपवायचा ऑप्शन चालू असेल तर नेमकं जे शोधायला बसलात तेच टूल नजरेआड जाणार. एनएसआरएलचा डेटा आता एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये येतो, त्यात पॅकेजच्या टेबलात अ‍ॅप्लिकेशन टाइपचा कॉलम आहे, त्यावरून असली पॅकेजेस वेगळी काढा. पण त्यासाठी मिनिमल (छोटा) सेट नको, फुल सेट घ्या, कारण मिनिमलमध्ये एका हॅशची एकच नोंद असते आणि तीच डीएलएल (अनेक प्रोग्राम वापरतात ती कोडची फाइल) दहा पॅकेजेसमध्ये असली तरी कळत नाही.

विंडोजच्याच इतक्या फाइल्स का जुळल्या नाहीत म्हणताय, तर ते नॉर्मल आहे. रजिस्ट्री (सेटिंग्जचा साठा), लॉग, प्रीफेच (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून ठेवलेल्या नोंदी) हे त्या त्या मशीनचं असतं, डॉटनेटच्या नेटिव्ह इमेजेस (त्या मशीनसाठी आधीच कंपाइल केलेला कोड) तर तिथेच तयार होतात, शिवाय सेटनंतर आलेले अपडेट. फाइलचं नाव बदलून हॅशला फरक पडत नाही पण आत एक बाइट इकडचा तिकडे झाला की अख्खा हॅश वेगळा. ऑफिसचे सगळे पीसी एकाच इमेजवरून (तयार सिस्टिमच्या प्रतीवरून) लावलेले असतील तर त्यातल्या कोऱ्या मशीनवरून स्वतःचा हॅश सेट बनवा, अर्धा कचरा तिथेच जातो.

एमडी५ चालेल का, तर नुसती चाळणी करायला चालतं. २००४ मध्ये एमडी५चं आणि २०१७ मध्ये शा-१चं कोलिजन (दोन वेगळ्या फाइल्सचा एकच हॅश) दाखवलं गेलं हे खरं, पण त्यात दोन्ही फाइल्स बनवणारा एकच असतो, आधीपासून असलेल्या एखाद्या फाइलच्या हॅशशी जुळणारी दुसरी बनवणं हे फार वेगळं काम आहे. रिपोर्टमध्ये मात्र शा-२५६च द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या सर्टिफिकेटमध्ये हॅश आणि अल्गोरिदम दोन्ही लिहावं लागतं, एमडी५चा पर्याय तिथे आहे, पण समोरच्या वकिलाला आयता मुद्दा कशाला द्यायचा.