मुंबईचं दुबईसारखं हब होईल का, आणि ते इंडिगो करेल की एअर इंडिया?

तुमचा प्रश्न असा आहे: डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईहून विमानं उडायला लागली, इंडिगो पहिल्या दिवसापासून तिथे आहे, मग आता मुंबईचं दुबईसारखं हब होणार का? आणि लो कॉस्ट कंपनीला ते जमेल, की ते एअर इंडियाचंच काम?

माझी बरीच वर्षं विमान कंपनीच्या वेळापत्रक विभागात गेली, त्यामुळे उत्तरही वेळापत्रकाच्या बाजूनेच देतो. माझं मत असं, की लो कॉस्ट कंपनी हब चालवू शकते, पण ज्या सवयींमुळे तिचं तिकीट स्वस्त राहतं त्यातल्या बऱ्याच तिला सोडाव्या लागतात. मुंबईची मोठी अडचण मात्र वेगळीच आहे. इथला प्रवासी आता दोन विमानतळांत विभागला जाणार आहे.

आधी हब म्हणजे काय ते नीट बघू. एका विमानाने येऊन प्रवासी जिथे दुसऱ्या विमानात बसून पुढे जातात, ते हब. मोठा विमानतळ असला की हब झालं असं आपल्याकडे लोक धरून चालतात. पण इमारत कितीही मोठी बांधा, हब होतं ते एखाद्या कंपनीच्या वेळापत्रकामुळे. लग्नात पंगत बसते तसं ते चालतं. सगळे एकदम येतात, एकदम उठतात, आणि दोन पंगतींच्या मध्ये मांडव रिकामा असतो. वीस विमानं तासाभरात उतरली, त्यांतले प्रवासी आणि सामान इकडून तिकडे गेलं, आणि पुढच्या दोन-तीन तासांत वीस विमानं उडाली, तर एका फेरीत चारशे शहरजोड्या विकता येतात. थेट विमान भरण्याइतके प्रवासी यांतल्या बहुतेक जोड्यांना कधीच मिळाले नसते. एमिरेट्स दुबईत हेच करते.

याची किंमत असते वेळ. पुढच्या लाटेसाठी, म्हणजे एकदम उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानांच्या पुढच्या पंगतीसाठी, विमान जमिनीवर थांबतं. दोन पंगतींच्या मधल्या वेळेत गेट, कर्मचारी, सामान वाहणाऱ्या गाड्या सगळं बसून असतं. एक विमान उशिरा आलं तर त्यावर अवलंबून असलेली सहा विमानं थांबवायची की प्रवासी सोडून द्यायचे, हा निर्णय रोज घ्यावा लागतो.

लो कॉस्टचं गणित बरोबर याच्या उलट आहे. विमान जमिनीवर उभं राहिलं की नुकसान, हे तिथलं पहिलं तत्त्व. एअरबस ए320 उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत अर्ध्या तासाच्या आसपास वेळ मिळतो. त्यात मागून प्रवासी उतरत असतानाच पुढून केबिन क्रू सीटवरचे पट्टे लावतात, कचरा उचलतात, खाली इंधनाचा पाइप लागलेला असतो आणि होल्डमधून बॅगा खाली येत असतात. इंडिगोने शिडीऐवजी उतरता रॅम्प आणला, आणि 2022 मध्ये पुढे दोन व मागे एक अशा तीन दारांनी प्रवासी उतरवायला सुरुवात केली, ती या मिनिटांसाठीच. प्रत्येक फेरीत पाच-सात मिनिटं वाचली की दिवसाअखेर त्याच विमानाच्या आणखी एका छोट्या फेरीला वाव होऊ शकतो. त्या जादा फेरीवर स्वस्त तिकीट उभं असतं.

म्हणून लो कॉस्ट कंपन्या सुरुवातीला कनेक्शनच्या भानगडीतच पडत नाहीत. आपल्याकडे 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने हेच केलं. एका गावातून उचलायचं, दुसऱ्या गावात सोडायचं, पुढचं तुमचं तुम्ही बघा. 2006 मध्ये आलेल्या इंडिगोने तेच तत्त्व फार शिस्तीने राबवलं.

जुन्या कंपन्यांनी त्याला दिलेलं उत्तर बघण्यासारखं आहे. किंगफिशरने डेक्कन विकत घेतली. त्यामागे नव्या कंपनीला परदेशी उड्डाणांसाठी पाच वर्षं थांबायला लावणाऱ्या नियमातून सुटका हेही कारण होतं. जेट एअरवेजने 2007 मध्ये एअर सहारा 1450 कोटींना घेतली, तिचं जेटलाइट केलं, वर 2009 मध्ये जेट कनेक्ट काढली. आपल्या तिकिटात जेवण आहे की नाही, हे प्रवाशाला कळेना. स्वस्त विमान चालवायचं तर खर्चही स्वस्त कंपनीचा लागतो. नुसतं नाव बदलून तो खाली येत नाही.

तरीही मुंबईचं हब करण्याच्या सगळ्यात जवळ पोचली होती ती जेटच. 2016 मध्ये तिने देशांतर्गत विमानं सहारच्या टी2 मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानांच्याच टर्मिनलमध्ये आणली, म्हणजे नागपूर किंवा अहमदाबादहून आलेला प्रवासी त्याच छपराखाली लंडनच्या विमानात बसू लागला. पण त्याच जेटने आधी ब्रसेल्स आणि 2016 पासून अॅमस्टरडॅम असं आपलं युरोपातलं हब केलं होतं. शिवाय 2013 मध्ये अबू धाबीच्या एतिहाद कंपनीने 24 टक्के हिस्सा घेतल्यावर भारतीय प्रवासी अबू धाबीला नेऊन सोडणं हा तिचा मोठा धंदा झाला. त्याच वर्षी सरकारने अबू धाबीच्या विमानांतल्या दर आठवड्याच्या जागा साधारण 13 हजारांवरून टप्प्याटप्प्याने 50 हजारांवर न्यायला मान्यता दिली. मुंबईत जमू शकणारी पंगत आपण आपल्या हाताने आखातात बसवली. याचं मला आजही वाईट वाटतं. एप्रिल 2019 मध्ये जेट बंद पडली आणि मुंबईतले तिचे सोन्यासारखे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, इंडिगो, स्पाइसजेट, विस्तारा यांच्यात वाटले गेले. एका कंपनीच्या हाती होती तोवर त्या वेळांची एकमेकींत साखळी होती. वाटणीत ती तुटली.

आता इंडिगोकडे येऊ. देशांतर्गत बाजारातला 60 टक्क्यांहून अधिक वाटा तिच्याकडे आहे. जून 2023 मध्ये तिने एअरबसला एकदम 500 विमानांची ऑर्डर दिली, 2024 मध्ये लांब पल्ल्याची मोठी ए350 विमानं मागवली, दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास आणला, आणि जुलै 2025 पासून नॉर्स या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या बोइंग 787 ने मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅमला उडायला लागली. ही दोन्ही शहरं पूर्वी मुंबईहून जेट करत असे. म्हणजे लो कॉस्ट कंपनी जुन्या कंपनीच्या जागेवर येऊन बसते आहे. उलट बाजूला जानेवारी 2022 पासून टाटांकडे असलेली एअर इंडिया विस्तारा सामावून घेऊन दिल्लीत पाय रोवते आहे, आणि आखात व छोट्या शहरांसाठी एअर इंडिया एक्स्प्रेस आहेच. दोघी एकमेकींच्या अंगणात शिरल्या आहेत.

यात इंडिगोची परीक्षा कुठे आहे ते डिसेंबर 2025 मध्ये दिसलं. वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले, आणि रोज दोन हजारांहून अधिक उड्डाणं करणाऱ्या कंपनीची हजारो उड्डाणं काही दिवसांत रद्द झाली. सरकारने तिला वेळापत्रक 10 टक्के कमी करायला लावलं. विमान, वैमानिक, मिनिटं सगळं शेवटच्या थेंबापर्यंत वापरायचं, राखीव काही ठेवायचं नाही, ही सवय एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या विमानांत एरवी खपून जाते. हबमध्ये एक लाट चुकली की सगळं जाळं फाटतं. ज्या कंपनीला हब करायचं आहे तिला राखीव वैमानिक आणि उभी विमानं पोसावीच लागतील.

आता मुंबई. सहार-सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला 46 च्या आसपास उड्डाणं-उतरणं हीच मर्यादा. हवं तेव्हा वीस विमानांची लाट आणायला तिथे वावच नाही. नवी मुंबईने जागेचा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. हबचा प्रवासी एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडत नाही. कोल्हापूरकर नवी मुंबईत उतरला आणि त्याचं अॅमस्टरडॅमचं विमान सहारहून असेल, तर बॅगा घेऊन पाम बीच आणि चेंबूरच्या गर्दीतून जाण्यापेक्षा तो थेट दुबईमार्गे जाणारं तिकीट शोधेल.

हे जगात घडून गेलं आहे. कॅनडातल्या माँट्रियलने 1975 मध्ये मिराबेल हा नवा विमानतळ उघडला, आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे नेली, देशांतर्गत जुन्या डोर्व्हाल विमानतळावरच ठेवली. विमान बदलून पुढे जाणारे प्रवासी टोरांटोकडे वळले आणि 2004 मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक बंद झाली. मिलानमध्ये 1998 मध्ये अलितालिया या इटलीच्या कंपनीने शहराबाहेरच्या मालपेन्सा विमानतळावर हब नेलं, पण शहराजवळचा लिनाते चालूच राहिला. दहा वर्षांत अलितालिया हब सोडून रोमला परतली, आणि मालपेन्साची मोकळी जागा भरली ती इझीजेट या लो कॉस्ट कंपनीने. मुंबईकरांनी मिलानची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

माझा अंदाज असा की पुढची काही वर्षं दिल्लीचं हब पक्कं होत जाईल. तिथे चार धावपट्ट्या आहेत आणि टी3 मध्ये देशी-परदेशी एकाच छपराखाली आहे. मुंबई मात्र स्वतःच्या प्रवाशांवर चालणारा श्रीमंत बाजार राहील. त्यात मोठं दुःख नाही, कारण इंडिगोने मागवलेल्या ए321 एक्सएलआरसारख्या सुमारे दोनशे सीटच्या लांब पल्ल्याच्या विमानांना मुंबई, ठाणे, पुणे एवढेच प्रवासी कित्येक मार्गांवर पुरतील. पुणेकरांना तर एक्स्प्रेसवे उतरल्यावर वाशीचा पूल आणि सहारपर्यंतची गर्दी टाळता येणं हाच मोठा फायदा आहे.

हे बदलू शकतं, पण त्यासाठी एका कंपनीने संध्याकाळी येणारी आपली देशांतर्गत विमानं आणि मध्यरात्रीची युरोपची विमानं एकाच विमानतळावर आणायला हवीत. इंडिगोच्या पुढच्या वेळापत्रकात एवढंच बघा. उद्घाटनं आणि नव्या शहरांच्या घोषणा यांवरून काही ठरत नाही.

तोवर मुंबईमार्गे पुढचं तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर घ्या. परदेशातून येऊन पुढे नागपूरला जायचं असेल तर मुंबईतच इमिग्रेशन, बॅगा आणि कस्टम्स उरकून बॅगा पुन्हा द्याव्या लागतात हे धरून किमान तीन तास ठेवा. वेगवेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची काहीही जबाबदारी नसते.