आजोबांनी डहाणूहून आणलेल्या तारपा नाचाच्या वारली चित्राची किंमत कशी काढायची आणि पावसाळ्यात ते कसं जपायचं?

आधी सही बघा, मागची बाजूही बघा. जिव्या सोमा म्हशे (पद्मश्री २०११) यांच्यासारख्या नावाजलेल्या हाताचं निघालं तर गोष्टच वेगळी, मग लिलाववाल्यांकडूनच किंमत काढून घ्या, फ्रेमवाल्याच्या अंदाजावर विकू नका प्लीज. सही नसली तरी जुनं गेरू-शेणाचं कापड असेल तर ते मोलाचंच आहे. आणि ओलं फडकं अजिबात लावू नका, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग पाण्याने सुटतो, मऊ ब्रशने वरवर धूळ काढा बस. मुंबईच्या दमटपणात बाहेरच्या भिंतीवर बुरशी येते म्हणून आतल्या भिंतीवर, उन्हापासून लांब लावा, काच चित्राला चिकटायला नको, मध्ये अॅसिड-फ्री माउंट (आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याची चौकट) हवाच. बुरशी दिसलीच तर घासू नका, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कॉन्झर्वेशन सेंटरला विचारा.