'अटोनल'ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा आलाय: एक सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) गायिका आणि एक पियानोवादक यांनी ऑस्ट्रियन संगीतकार आर्नोल्ड श्योनबर्गची सुरुवातीची 'अटोनल' जर्मन गीतं ध्वनिमुद्रित केली आहेत, आणि त्यांची मराठीत छोटी ओळख लिहायची आहे. 'अटोनल'ला 'बेसूर' लिहिलं, तर गाणं शिकणाऱ्या बहिणीनं कपाळावर हात मारला. मग लिहायचं काय?

बहिणीचं खरं आहे. बेसूर ही चूक असते. गांधार लावायला गेलो आणि लागला नाही, तर बेसूर. केसभरच हुकला, तर कणसूर. (एवढ्याशा फरकाला वेगळा शब्द असणारी भाषा आपली, याचं मला फार कौतुक आहे.) श्योनबर्गच्या गाण्यात प्रत्येक स्वर कागदावर नेमका लिहिलेला असतो आणि तो तिथंच लागावा लागतो. पियानो गायिकेच्या हातात तिचे सूर आयते ठेवत नाही. पुढचा स्वर मनात आधी ऐकायचा आणि मगच तोंड उघडायचं. अशा गायिकेला बेसूर म्हणणं म्हणजे अन्यायच.

मग या गाण्यात नसतं काय? षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', नसतो. 'षड्ज' या शब्दाची एक फोड 'बाकीच्या सहांना जन्म देणारा' अशी सांगतात, आणि आपला 'खर्ज' हा त्याच शब्दाचा घरगुती अवतार. पाश्चात्त्य संगीतात तानपुरा नसतो, पण गाणं कुठून निघालं आणि कुठं परत जाणार, हे सांगणारा एक मुक्कामाचा स्वर असतोच. श्योनबर्गनं 1908-09च्या सुमारास तो मुक्काम सोडला. सप्तकातले बारा स्वर ही बारा भावंडं, आणि त्यांत थोरलं कोणी नाही. (बारा स्वरांची क्रमवार मांडणी करण्याची त्याची पद्धत 1920च्या दशकातली. ती इथं आणू नका, वाचक गोंधळेल.) 'षड्जचालन' हा शब्दही चालणार नाही, कारण तिथं षड्ज जागा बदलतो, पण असतो.

म्हणजे 'षड्जहीन'? अर्थ बरोबर, पण 'हीन' लागलं की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे खुद्द श्योनबर्गचीही 'अटोनल'वर हीच तक्रार होती. या संगीताला अटोनल म्हणणं म्हणजे उडण्याला 'न पडण्याची कला' आणि पोहण्याला 'न बुडण्याची कला' म्हणण्यासारखं आहे, अशा अर्थाचं त्यानं लिहून ठेवलंय. नकारातून नाव घडवू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

मला 'मुक्तषड्ज' सुचतो. कवी अनिलांनी रुजवलेला 'मुक्तछंद' आपल्या कानाला सरावाचा आहे, आणि मुक्तछंदातली कविता लयीला सोडून असते असं आता कोणी म्हणत नाही. शब्द कोशात सापडणार नाही, तेव्हा पहिल्यांदा वापरताना 'मुक्तषड्ज, म्हणजे एका आधारस्वराला न बांधलेली गीतं' असं एकदा उलगडून लिहा आणि पुढं बिनधास्त वापरा. जमत नसेल तर सरळ 'अटोनल' ठेवा. 'बेसूर'पेक्षा ते केव्हाही बरं.

आता तुम्ही न विचारलेलं. त्या ध्वनिमुद्रणात श्योनबर्गची 15 गीतांची मालिका, ओपस 15 (म्हणजे त्याच्या रचनांतला 15वा क्रमांक), असणार असं धरतो. जर्मन कवी श्टेफान गेओर्गेच्या 1895च्या संग्रहातल्या या कविता. शीर्षकाचं भाषांतर 'झुलत्या बागांचं पुस्तक' असं होईल, कारण बाबिलोनच्या बागा मराठीत झुलतात. खरं तर त्या झुलत नव्हत्या, चढत्या सज्जांवर लावलेल्या होत्या असं मानतात. मलबार हिलवरची बागही पाण्याच्या टाकीवर ठाण मांडून बसली आहे, म्हणून मुंबईकर भाषांतराच्या फंदात न पडता 'हँगिंग गार्डन' म्हणून मोकळा होतो. पण 'झुलत्या' आता रुळलंय, राहू दे. गेओर्गेची एक खोड मात्र मराठीत आणताच येत नाही. जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं असतं, आणि तो ते मुद्दाम लहान लिहायचा. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही, त्यामुळे त्याचं बंड आपल्याकडे आपोआप मिटतं.

अशा गीताला जर्मनमध्ये 'लीड' म्हणतात, पण त्याचं अनेकवचन देवनागरीत लिहू नका. 'लीडर' होतं, आणि वाचकाला पुढारी दिसतो. 'गीतं' पुरेसं आहे. 'भावगीत' जवळचं वाटतं, कारण तिथंही आधी कवीची कविता आणि मग चाल. पण भावगीतात वाजवणाऱ्याला भर घालायला मोकळीक असते, इथं पियानोची एकेक पट्टी लिहिलेली.

म्हणूनच 'पियानोची साथ' असंही लिहू नका. साथीदार गाणाऱ्याच्या मागून जातो. इथं पहिलं गीत पियानोच्या खर्जातल्या एकेरी, दबक्या ओळीनं सुरू होतं, गायिका नंतर येते. आणि पंधरावं, सगळ्यात लांब गीत ती थांबल्यावरही पियानो एकटाच वाजवत राहतो. 14 जानेवारी 1910 रोजी व्हिएन्नात ही मालिका पहिल्यांदा सादर झाली, तेव्हा मार्था विंटरनिट्स-दोर्दा गायल्या आणि पियानोवर एटा वेर्नडोर्फ होत्या. पुढं गायिका हेलन व्हॅनींबरोबर नामवंत पियानोवादक ग्लेन गूल्डनं ही गीतं मुद्रित केली. 'साथ: ग्लेन गूल्ड' लिहायला हात धजेल का? दोन ओळी करा, 'गायन' आणि 'पियानो', आणि दोन्ही नावं एकाच मापाच्या अक्षरांत छापा.