पर्यायी पेमेंट पद्धतीचा स्थानिक पातळीवर सोशल मीडियावरून प्रचार कसा करावा?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्ही म्हणता, ‘आमच्या परस्पर उधारीच्या गटात सर्वाधिक पॉइंट जमवणाऱ्यांची यादी दर महिन्याला पेजवर टाकतो, तिला सगळ्यांत जास्त लाइक्स मिळतात, पण व्यवहार काही वाढत नाहीत.’ परस्पर उधारी म्हणजे सदस्य एकमेकांची कामं पैशांऐवजी पॉइंटवर करतात; काम करणाऱ्याच्या खात्यात पॉइंट जमा होतात आणि घेणाऱ्याच्या खात्यात तितकेच उणे पडतात. तर ती यादी आजच काढून टाका. बाकीचं नंतर बघू.

तुमच्या वहीत कुणाचे पाचशे पॉइंट जमा असतील, तर दुसऱ्या कुणाच्या तरी नावे, म्हणजे उणे, पाचशे पडलेले असणारच. बेरीज शून्य. मग जमावाल्यांना ट्रॉफी दिली की नावेवाले आपोआप खाली मान घालून बसतात. आणि तुमची सगळी पद्धत चालते ती नावेवाल्यांच्या जिवावर. पहिला व्यवहार होतो तेव्हा कुणाला तरी शून्याखाली जावंच लागतं. जो जातो, त्याने गटावर विश्वास टाकलेला असतो.

आमच्या गटात हे सगळं घडून गेलंय. वही आणि सदस्यांची सूची माझ्याकडे होती. पेज सांभाळायला एक गृहस्थ होते, जाहिरात क्षेत्रातले, उत्साही, कामाला वाघ. त्यांनी ‘महिन्याचे मानकरी’ सुरू केलं. पिवळ्या रंगाची पार्श्वभूमी, वर चषक, खाली तीन फोटो आणि प्रत्येकाखाली जमा पॉइंट. लाइक्स भरपूर आले. पुढच्या महिन्यात ‘पारदर्शकता हवी’ म्हणून त्यांनी वहीचा अख्खा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. नावासकट, उण्या बाक्यांसकट. मला विचारलंसुद्धा नाही.

सगळ्यांत मोठी उणी बाकी होती शिवणकाम करणाऱ्या एका ताईंची. का होती? कारण गट सुरू झाला तेव्हा बाकीचे ‘बघू, बघू’ करत होते आणि या बाईने धडाधड सेवा घेतल्या होत्या. शिलाई मशीनची मोटर दुरुस्त करून घेतली, मुलीला गणिताची शिकवणी लावली, घरातल्या वायरिंगचं काम करून घेतलं. त्या तिघांना पहिले पॉइंट मिळाले ते तिच्यामुळे. स्क्रीनशॉटखाली कुणीतरी हसणारे इमोजी टाकून लिहिलं, ‘ताई, फेडणार कधी?’ दहा-बारा जणांनी त्यावर हसू टाकलं. रात्री मला त्यांचा मेसेज आला, ‘माझं जे काय होतं ते सांगा, रोख देऊन टाकते. मला यात राहायचं नाही.’

मी फोन केला, समजावलं. काही उपयोग झाला नाही. बाई गेली.

त्यानंतरचा भाग तुमच्या कामाचा आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक सदस्य चषकाच्या यादीत कायम वर असायचे. त्यांचे पॉइंट खर्च व्हायच्या दोनच जागा होत्या, त्यातली एक म्हणजे या ताई. त्या गेल्यावर त्यांनी नवं काम पॉइंटवर घ्यायचं बंद केलं. ‘घेऊन करू काय?’ हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता. त्यांनी हात आखडल्यावर आणखी चौघे गप्प झाले. पेजचे फॉलोअर मात्र वाढतच होते.

मग बैठकीत वाद झाला, आणि तो आजही मिटलेला नाही. त्या गृहस्थांचं म्हणणं, ‘लोकांना पद्धत माहीतच नाही, ब्रँड मोठा करा, नव्या सदस्यांना सामील होताच बोनस पॉइंट द्या.’ माझं म्हणणं, पद्धत माहीत नसल्यामुळे कुणी अडत नाही. पॉइंट हातात आल्यावर ते खर्च कुठे करायचे हे माहीत नसल्यामुळे अडतं.

बोनसचं उदाहरण जगाने बघितलंय. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशाने 2021 मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं आणि त्यासाठीचं चिवो वॉलेट हे सरकारी अ‍ॅप घेणाऱ्याला 30 डॉलर दिले. लोकांनी अ‍ॅप घेतलं, 30 डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी तिथेच थांबवलं. अख्खं सरकार पाठीशी असून ही गत. परस्पर उधारीत तर बोनस आणखी वाईट, कारण ते पॉइंट कुणाच्याच कामातून आलेले नसतात. त्यांचा भार सगळ्यांवर पडतो.

आणि ब्रँडचं म्हणाल तर ब्रिक्स्टन पाउंडपेक्षा देखणं स्थानिक चलन दाखवा. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात 2009 साली सुरू झालं. 2011 च्या दहाच्या नोटेवर गायक डेव्हिड बोवी होता. जगभर गाजली ती नोट. पण गाजलेली नोट लोक संग्रहात ठेवतात, आणि ठेवलेल्या नोटेने कुणाचंही काम होत नाही.

याउलट जी चाललीत ती बघा. ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने 1932 मध्ये स्वतःच्या नोटा काढल्या. महापौर उंटरगुगेनबर्गर. दर महिन्याला नोटेची 1 टक्का किंमत उतरायची, म्हणून ती कुणी दाबून ठेवत नव्हतं, हे सगळे सांगतात. पण तितकंच महत्त्वाचं म्हणजे पालिका स्वतः त्या नोटा करापोटी घेत होती. शेवटी खर्चाची एक खात्रीची जागा होती. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या सार्डेक्सने, म्हणजे व्यवसायांच्या परस्पर उधारीच्या जाळ्याने, 2010 पासून वेगळा रस्ता धरला. तिथे मध्यस्थ माणसं नेमलेली असतात, ती सदस्य व्यवसायांशी बोलून कुणाला काय हवं आणि ते कुणाकडे आहे, याच्या जोड्या लावतात. जर्मनीतल्या बव्हेरियातल्या कीमगाउअर या स्थानिक चलनाची (2003) युक्ती तर तुमच्यासारख्यांनी उचलावीच. तिथे ग्राहक युरो देऊन हे चलन घेतो तेव्हा त्या रकमेच्या 3 टक्के त्याने निवडलेल्या संस्थेला जातात. त्यामुळे क्रीडामंडळं, शाळा, संस्था आपापल्या लोकांना आपणहून सांगतात की यातच व्यवहार करा. प्रचार चलनवाल्यांना एकट्याने करावाच लागत नाही.

हे सगळं मी तेव्हा बैठकीत मांडलं होतं. ‘ते परदेशातलं झालं’ असं उत्तर मिळालं. एल साल्वाडोरसारखा बोनस सुचवताना मात्र परदेश आडवा येत नव्हता.

मग मी माझ्यापुरतं सुरू केलं. वही घेऊन बसायचे आणि ज्यांच्या खात्यात पॉइंट साचलेत त्यांना फोन लावायचे. कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं, ‘काय हवंय?’ म्हणाले, ‘काही नको.’ सगळे आधी हेच म्हणतात. मी फोन ठेवला नाही. बोलता बोलता कळलं, वडिलांना आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं आणि त्यासाठी यांचा अर्धा दिवस मोडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मजकूर टाकला: ‘एका सदस्याच्या वडिलांना आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला नेऊन आणणारं माणूस हवं. मोबदला पॉइंटमध्ये.’ चित्र नाही, लोगो नाही, हॅशटॅग नाही. एका सदस्याने तो निवृत्त चालक असलेल्या मामांना पुढे पाठवला. त्यांचा लॅपटॉप बरेच दिवस बंद पडला होता. सामील झाले ते लॅपटॉपसाठी. पद्धतीचं तत्त्वज्ञान त्यांनी आजवर विचारलेलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. ‘पाहिजे’ लिहा. ‘आमची पद्धत काय आहे’ हे पेजवर एकदा लिहून वर पिन करा आणि विसरा. बाकी सगळ्या पोस्ट कुणाला काय हवं आहे याच्या. ‘मी हे देऊ शकतो’ अशा पोस्ट आपोआप ढिगाने येतात, त्यांना तोटा नसतो. गरज सांगायला लोक लाजतात, म्हणून ती तुम्ही फोन करून काढायची आणि नाव न घेता लिहायची. काम झालं की त्याच पोस्टखाली ‘झालं’ लिहायचं, नाहीतर जुन्या मागण्यांवर लोक फोन करून कंटाळतात. सदस्यसूची शिळी झाली की गट मेला असं समजा.

रील्सवर वेळ घालवू नका. तुमचा व्यवहार एकमेकांपर्यंत पोहोचू शकणाऱ्या माणसांत होतो. लांबच्या गावाहून आलेले हजारो व्ह्यूज एका शिवणकामाच्या ऑर्डरीइतकेही उपयोगाचे नाहीत. जिथे माणसं आधीच जमलेली आहेत ते ग्रुप गाठा: सोसायटीचे, पालकांचे, व्यावसायिकांचे. तिथे मात्र अ‍ॅडमिनला विचारूनच.

आता राहिलेल्या दोन गोष्टी, ज्या खरं तर आधी सांगायला हव्यात. बाक्या कधीही उघड्यावर टाकू नका, कौतुक म्हणूनही नाही. गटाला एकूण उलाढाल सांगा, किती जणांनी व्यवहार केला ते सांगा, बस्स. उणी बाकी हाताबाहेर जात असेल तर त्या माणसाशी वहीवाल्याने एकट्याने बोलायचं.

दुसरं, कायदा. नोटेसारखं दिसणारं काहीही छापू नका. व्योर्गलचा प्रयोग 1933 मध्ये मध्यवर्ती बँकेने बंद पाडला. केनियात मोम्बासाजवळ 2013 मध्ये बांग्ला-पेसा हे स्थानिक चलन सुरू करणाऱ्यांना अटक झाली होती. आरोप नंतर मागे घेतले गेले, पण सोसावं लागलंच. पोस्टमध्ये ‘चलन’, ‘गुंतवणूक’, ‘परतावा’ यांतलं काही लिहू नका. आणि पॉइंटमध्ये केलेलं काम हेही उत्पन्नच असू शकतं, तेव्हा व्यवसाय करणाऱ्या सदस्यांना कराबद्दल सल्लागाराला विचारायला सांगा. हे सांगितलं की थोडे लोक बिचकतील, बिचकू द्या.

एक मात्र तुम्ही लिहिलेलं नाही: एका सदस्याला किती उणं जाऊ देता? मर्यादा फार कमी ठेवली असेल तर वरचं सगळं करूनही व्यवहार अडतील. आकडा आणि सदस्यसंख्या कमेंटमध्ये टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.