"सीए वाढला ओ, मॅडम!"

हे वाक्य आता मला पाठ झालंय. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा रुग्ण घरी, आणि समुपदेशनाला माझ्यासमोर मोबाइल धरून बसलेला मुलगा नाहीतर सून. सीए १९-९ ही रक्तातला त्याच नावाचा पदार्थ मोजणारी तपासणी, या कॅन्सरवर लक्ष ठेवायला करतात. रिपोर्टवर '३७ पर्यंत नॉर्मल' छापलेलं असतं आणि त्या ३७ ला अख्खं घर टांगलेलं असतं.

परभणीकडचा एक मुलगा आला होता (ओळखीचे तपशील बदललेत). वडिलांची केमो चालू. आकडा ४१२ वरून १६८, मग ६१. आणि आता एकदम १९०.

"अण्णांना काय सांगितलं?"

"नॉर्मल आलंय म्हणलं."

"आणि डॉक्टर?"

"म्हणले कावीळ बघू, सीटी करू. लपवायलेतच की ओ ते!"

घटनेपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिसचं म्हणणं मी कायम धरून चालते. पण अर्थाला हात घालण्याआधी माहिती सरळ हवी. म्हणून सांगितलं: हा आकडा एकट्या कॅन्सरनं वाढत नाही. पित्ताची नळी तुंबली, पित्तमार्गाला किंवा स्वादुपिंडाला सूज आली तरी वाढतो. काही लोकांच्या शरीरात हा पदार्थ बनतच नाही. त्यांचा आकडा कॅन्सर असूनही खालीच राहतो. (म्हणूनच 'आम्हीपण घरातले सगळे करून घेऊ का?' याला माझं उत्तर नेहमी 'नको' असतं. धडधाकट माणसात कॅन्सर शोधायला ही तपासणी चालत नाही.) शिवाय यानं एक रिपोर्ट परभणीत केलेला, दुसरा संभाजीनगरला. यंत्र बदललं की आकडे एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत. लॅब एकच ठेवा, हे मी प्रत्येकाला सांगते.

दोन भेटी यातच गेल्या. मान डोलवायचा, पण घास काही उतरत नव्हता. तिसऱ्या वेळी म्हटलं, अण्णांना घेऊन ये.

अण्णा आले. डोळे पिवळसर. बसल्या बसल्या म्हणाले, "ह्यानं नॉर्मल सांगितलं तवाच कळलं. नॉर्मल असतं तर ह्यो जेवला असता."

मुलाच्या परवानगीनं चारही आकडे त्यांच्यापुढे ठेवले. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"ही तर मोजपट्टी झाली. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर जन्मभर पट्टी वाचली मी. पुलाखाली पाला अडकला की पट्टीवर पाणी चढतंय. वरून सोडलेलं तेवढंच असतं. आधी पूल बघावा लागतो."

मी दोन बैठका जे समजावत होते ते या माणसानं न ऐकता सांगितलं. मुलगा त्यांच्याकडे बघतच राहिला, आणि मग पहिल्यांदा रडला. मला तेव्हा लख्ख दिसलं, पट्टी वाचता येणाऱ्या घरातल्या एकमेव माणसापासूनच पट्टी लपवली होती. खरं तर ही बैठक पहिलीच व्हायला हवी होती. तरी अण्णांना बोलवायचं सुचलं ते मला, एवढं श्रेय घेते.

पित्तनळी उघडी राहावी म्हणून आत बसवलेली छोटी नळी, म्हणजे स्टेंट, तुंबलेली निघाली. ती बदलली, कावीळ उतरली, मागोमाग आकडाही उतरला. दर वेळी पूलच तुंबलेला असतो असं नाही, हेही मी त्या दोघांना सांगितलं. कधी वरूनच पाणी जास्त सुटलेलं असतं. तेव्हा डॉक्टर औषध बदलतात, पण तेही स्कॅन आणि तब्येत बघून, एकट्या आकड्यावर नाही. आणि रात्री रिपोर्ट उघडू नका. रात्री डॉक्टर भेटत नाहीत, शंका मात्र भेटतात.

अण्णांनी आता वही घातलीय. रकाने आखलेत: तारीख, लॅब, आकडा, शेरा. १९० समोर लिहिलंय, 'पूल तुंबलेला.' त्याखालच्या ओळीत ८८, आणि शेऱ्यात, 'मुलगा जेवला.'